दोनदा मिटलेले ओठ

मीठ. पीठ. आरशासमोर उभं राहा, आवाज काढू नका, नुसते ओठ हलवा. फरक दिसला तर कळवा.

जळगाव स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘मिलवर घे’ म्हटलं की रिक्षावाला मान वळवून विचारतो, ‘कोणती? डाळमिल का? एमआयडीसीत ढीगभर आहेत.’

गणवेश निळा. शिट्टी काळी, दोरी पिवळी. काम सोडताना शिट्टी परत करायची, गणवेश धुऊन परत करायचा.

सरकत्या जिन्यापाशी एक म्हातारी थांबली, चपला काढून हातात घेतल्या आणि मग वर गेली.

धुळ्याहून नूरबीचा फोन. ‘खोली झाडून ठेवली. पंखा चालतो. खिडकी उघडत नाही, पण तुला खिडकीतून बघायचंय काय?’

केळीचा टेम्पो तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरला आणि छताला अडकला. चाकांतली हवा सोडून बाहेर काढला.

‘आमचे ––– आहेत.’

यातलं शेवटचं मंगळवारी संध्याकाळी घडलं, दिवे नुकतेच लागले होते तेव्हा, आणि त्यानंतर खाजाला जेवण गेलं नाही. घडलं म्हणजे तरी काय? खाजा मॉलच्या दारात उभा होता, रोज उभा असतो तसा, गाड्यांना डावीकडे घ्या उजवीकडे घ्या करत. दाराला लागूनच पुरुषांच्या कपड्यांचं मोठं शोरूम, त्याची काच जमिनीपासून छतापर्यंत. आत त्याचा मुलगा हसीब, दिवाळीपासून तिथला मॅनेजर. पुण्याहून कंपनीचा कुणी साहेब आला होता. साहेबाची पाठ काचेकडे. बोलता बोलता साहेबाने अंगठा खांद्यावरून मागे केला, सरळ खाजाच्या दिशेने, आणि काहीतरी विचारलं. हसीबच्या दोन्ही हातांत शर्टांची खोकी होती, हनुवटीपर्यंत रचलेली. त्याने बाहेर पाहिलं. बापाकडे पाहिलं. आणि तीन शब्द बोलला. पहिला ‘आमचे’. शेवटचा ‘आहेत’. मधला शब्द असा, की दोनदा ओठ मिटले आणि दोनदा उघडले. साहेबाने मान डोलावली आणि दोघं आत गेले. बस. एवढंच. काच फुटली नाही, कुणी पडलं नाही, कुणाचा आवाज चढला नाही. आवाज तर नव्हताच.

आता काचेपलीकडचं बोलणं खाजाला कळलं कसं, तर त्याने सतरा वर्षं ह्याच जागेवर कापड विणलं होतं. ह्याच जागेवर म्हणजे मॉल नव्हता तेव्हा, मिल होती तेव्हा. साचेखात्यात साडेचारशे साचे, म्हणजे माग, एकदम चालत, धोटा इकडून तिकडे आपटत असे, आणि त्या धडधडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नसे. तेव्हा साचेवाले ओठांनी बोलत. तोंड मोठं करून, सावकाश, आवाज न काढता. पंधरा साचे पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते नवा गडी सहा महिन्यांत वाचायला शिके, आणि जो शिकत नसे तो टिकत नसे. खाजा शिकला, चांगला शिकला. आजही बसथांब्यावर समोरच्या बाजूची माणसं काय बोलताहेत ते त्याला नको असताना कळतं. बँकेच्या काचेआडून कारकून शेजारणीला काय म्हणाली ते कळतं. सगळं कळतं. आणि ज्या एका शब्दावर सगळं अडलंय तो मात्र कळत नाही, कारण ओठांना प, ब, भ आणि म ह्यांतला फरक माहीत नाही. आवाज काढून टाकला की बाबा आणि मामा हे एकच आहेत. अगदी एकच.

बाबा म्हणाला असेल. हसीब घरात अब्बा म्हणतो, पण दुकानातल्या पोरांशी बोलताना बाबा म्हणतो, ‘बाबांना सोडायचंय, उशीर होईल’ असं फोनवर म्हणताना खाजाने स्वतः ऐकलंय. म्हणजे बाबाच. किंवा मामा म्हणाला असेल. कारण पार्किंगच्या माणसाला मामाच म्हणतात. मामा, गाडी इथं लावू का? ओ मामा, चिठ्ठी हरवली. शिपायाला मामा, कंडक्टरला मामा, हवालदाराला मामा. ज्याचं नाव विचारायची गरज नाही आणि ज्याला एकदम ए म्हणायची लाज वाटते तो मामा. ‘आमचे मामा आहेत.’ आमचे पार्किंगवाले. साहेबाने मान डोलावली ती तशीच. ‘आमचे बाबा आहेत’ म्हटल्यावर माणूस नुसती मान डोलावेल? वळून पाहणार नाही? की पुण्याचे साहेब वळून पाहत नाहीत? वडील म्हणाला असता तर प्रश्न नव्हता. ‘व’ला खालचा ओठ दातांना लागतो, लांबूनही चुकत नाही. मराठीत बापाला इतके शब्द, आणि पोराने नेमका तोच काढला जो –––

आणि हे सगळं शुक्रवारच्या आत निस्तरायचं होतं. कारण रविवारी हसीब बापाच्या तांबापुऱ्यातल्या खोलीवर आला होता, चटईवर बसला होता, पायातले मोजे काढून, आणि म्हणाला होता, ‘अब्बा, आता ही शिट्टी पुरे. हायवेपलीकडे फ्लॅट झालाय. रुखसारने तुमची खोली लावलीय. अर्शी रोज विचारते, दादा कधी येणार. जुम्म्यापर्यंत सांगा.’ रुखसार म्हणजे सून, अर्शी नात, आजोबाला दादा म्हणणारी. खाजाने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्याच्यापुढे दोन दारं होती. एक हसीबचं. दुसरं धुळ्याचं, बहिणीचं, नूरबीचं, जिथे खिडकी उघडत नाही. मंगळवारपर्यंत ह्या दोन्हींत निवड करायला कारण नव्हतं. मंगळवारी मिळालं. बाबा असेल तर हसीबकडे. मामा असेल तर धुळ्याला. ज्या पोराने चारचौघांत आपल्याला मामा केलं त्याच्या घरात बसून त्याच्या हातची भाकर गिळायची, हे खाजाला जमणारं नव्हतं, आणि हे आपल्याला जमणार नाही ह्याचीच त्याला जास्त चीड येत होती. सदुसष्ट वय झालं. अडकायचं तर एखाद्या मोठ्या गोष्टीत अडकावं. दोन अक्षरांत कसला अडकतोस?

पण त्या संध्याकाळी तो एकटा नव्हता. कठड्यावर कौतिक बसला होता. कौतिक म्हणजे साच्यांच्या रांगेत खाजाच्या समोरचा माणूस, एरंडोलकडचा, सतरा वर्षं तोंडासमोर तोंड. मिल बंद पडल्यावर त्याने डाळमिलमध्ये पोती उचलली, मग पाइपच्या कारखान्यात रखवाली केली, आता काहीच करत नाही. रोज संध्याकाळी सुनेच्या घरातून उठतो, शेअर रिक्षाने येतो, मॉलच्या कठड्यावर दोन तास बसतो आणि जातो. मॉलच्या आत आजवर एकदाही गेलेला नाही. म्हणतो, पास दाखवल्याशिवाय आत जायची सवय नाही. तर मंगळवारी, हसीबचे ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले, आणि खाजाने वळून विचारलं, ‘काय म्हणाला रे तो?’ आणि कौतिकने चहाचा कागदी कप तोंडाला लावता लावता सांगितलं, ‘बाबा.’

‘नीट पाहिलंस?’

‘देखं ना. बाबा म्हना.’

‘मामा नाही?’

‘येडा शे का तू? तुना आंडोर तुले मामा कसाले म्हनी?’

हेच. हेच तर. लगेच म्हणाला. विचारही केला नाही. साचेवाला माणूस असा शब्द लगेच सांगत नाही. तो आधी मागचा शब्द बघतो, पुढचा बघतो, गाल बघतो, म म्हणताना नाकपुड्या किंचित हलतात म्हणे, ब म्हणताना ओठ जरा जास्त दाबले जातात म्हणे. वीस पावलांवरून, काचेतून, खोक्यांच्या आडून ते काय दिसणार? ज्याला दिसलं नसेल तो म्हणेल, दिसलं नाही. कौतिक म्हणाला ‘बाबा’, जसं काही त्याला कुणी घड्याळातले किती वाजले विचारलं होतं. पोराने बापाला मामा कशाला म्हणावं, हे कारण झालं. पाहिलेलं नव्हे. खाजाला कारण नको होतं. कारणं त्याच्याकडे दोन्ही बाजूंची भरपूर होती.

बुधवारी दुपारी, गर्दी नव्हती तेव्हा, त्याने शोरूममधल्या किरणला गाठलं. विशीतला मुलगा, गळ्यात मोजपट्टी, दारात उभा राहून मोबाइल बघत होता. ‘किरण, काल साहेब आले होते ना पुण्याचे, ते माझ्याबद्दल काही विचारत होते का?’ किरणने मान वर केली. ‘कोण साहेब? इथं रोज कोणी ना कोणी साहेब येतो, मामा. का? काही झालं का? सरांना बोलवू?’ सरांना बोलवू. सर म्हणजे हसीब. आता ह्याला ठाऊक असतं की सर म्हणजे ह्या म्हाताऱ्याचा मुलगा, तर हा ‘सरांना बोलवू’ म्हणाला असता का? की तुमच्या मुलाला बोलवू म्हणाला असता? की ठाऊक असूनही सवयीने म्हणाला? खाजाला नोकरी लागली तेव्हा हसीब भुसावळच्या दुकानात होता. दिवाळीत त्याची बदली इथे झाली. आल्या दिवशी तो बापाजवळ थांबला, गाडीची चावी हातात खेळवत म्हणाला, ‘ऊन लागतं का इथं?’ आणि आत गेला. आतल्यांना त्याने काय सांगितलं असेल, किंवा सांगितलंच नसेल, हे खाजाने तेव्हा विचारलं नाही. तेव्हा ते विचारायची गोष्ट वाटली नव्हती. कंत्राटदाराने दिलेल्या निळ्या शर्टात उभं राहायला त्याला कधी लाज वाटली नव्हती. उलट एक आडदांड समाधान होतं. बाकीचे सगळे विकून, निघून, मरून गेले, मी अजून मिलवर जातो. पाळी बदलली, एवढंच.

मिलवर! कुठली मिल? पहिले काही महिने तो मोजायचा. आपला साचा नेमका कुठे होता? जुन्या दरवाज्यापासून सरळ एकशे दहा पावलं, मग उजवीकडे तेवीस. पण जुना दरवाजाच हलवलेला. मग त्याने रेल्वेच्या रुळांपासून मोजलं, कारण रूळ कोण हलवणार? एकदा मोजलं तर साचा बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आला, दुसऱ्यांदा मोजलं तर मक्याच्या लाह्या विकतात तिथे. तिसऱ्यांदा त्याने मोजलं नाही. शहरच असं सरकलेलं होतं. आधी गावात जातो म्हटलं की मिलचा दरवाजा, तिथून टॉवर, तिथून सुभाष चौक, दाणा बाजार, सराफांची गल्ली, आणि परत. भोंगा झाला की ह्या सगळ्या रस्त्यावर एकदम साडेतीन हजार माणसं ओतली जायची आणि चहावाल्यांचे कप पुरायचे नाहीत. भोंगा शहराला जेवायला बसवायचा. आता गाव हायवेकडे निघून गेलं. दवाखाने तिकडे, शाळा तिकडे, लग्नाचे हॉल तिकडे, हसीबचा फ्लॅट तिकडे. इथे उरलं ते खरेदी करून निघून जायला. लोक चारचाकीतून येतात, तळघरात शिरतात, तळघरातून लिफ्टने वर जातात, वरून खाली येतात, तळघरातून निघून जातात. शहराच्या मधोमध येऊन त्यांचा पाय शहराला लागत नाही. आणि ते जे शर्ट घेऊन जातात ते तिरुपूरहून येतात. खाजाने एकदा एका शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहिलं होतं. ताणा बरा होता. बाणा ढिला. सांगणार कुणाला?

बुधवारी संध्याकाळी कौतिक आला आणि खाजाने परत विचारलं. कौतिक वैतागला. ‘कितला येळा इचारशी? डोकं फिरनं का तुनं? बाबा म्हना, बाबा म्हना, बाबा म्हना. आते स्टॅम्पपेपरवर लिही देऊ का?’

‘तू माझं मन राखायला बोलतोयस.’

‘तुनं मन राखाले मी काय तुनी बायको शे?’

खाजा हसला नाही. एरवी हसला असता. कौतिकचा आवाज बारीक आहे, जवळजवळ बाईसारखा, आणि त्या आवाजात अशी बोलणी फार मजेदार वाटतात. हा आवाज खाजाने पहिल्यांदा नीट ऐकला तो मिलची वीज तोडली त्या दिवशी. सकाळच्या पाळीला सगळे आत गेले, साच्यांपाशी उभे राहिले, आणि साचे चालू झालेच नाहीत. साडेचारशे साचे, आणि कबुतरांची फडफड ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं तर सगळ्यांनी वळून पाहिलं. तेव्हा समोरून कौतिक म्हणाला, मोठ्याने, ‘खाजा, आते काय करवा?’ आणि खाजा दचकला. बाहेर चहाच्या गाडीवर, रस्त्यावर, ते दोघं कितीदा तरी बोलले होते, पण तिथे, त्या जागेवर, त्या चेहऱ्याला त्याने जो आवाज मनात दिला होता तो जाड होता, भरदार होता, पैलवानाचा होता. हा कोण बारीक आवाजाचा परका माणूस? खाजाने उत्तर ओठांनीच दिलं. माहीत नाही. कौतिकनेही पुढचं ओठांनीच विचारलं. पाळी संपेपर्यंत ते दोघं त्या शांततेत आवाज न काढता बोलत राहिले, आणि आजूबाजूचे सगळे तसेच, शेकडो माणसं नुसती तोंडं हलवत उभी, जणू कुणी आवाज काढला तर मिल खरोखरच बंद पडेल.

गुरुवारी त्याची सुट्टी. तो धुळ्याला गेला. एसटी एरंडोल, पारोळा करत गेली, हायवेचं काम चाललेलं, खिडकीतून धूळ आत येत होती, आणि खाजा पुढच्या बाकावरच्या नवराबायकोचं भांडण ड्रायव्हरसमोरच्या आरशात वाचत होता आणि स्वतःवर चिडत होता. मिल गेल्यावर तो सहा वर्षं धुळ्याला होता, मौलवीगंजात, नूरबीच्या नवऱ्याच्या पत्र्याच्या गाळ्यात, सहा यंत्रमागांवर. मग तेही माग गेले. भंगारवाल्याने किलोवर नेले, लाकडाचे धोटे मात्र नको म्हणाला, ते नूरबीने एक हिवाळाभर चुलीत जाळले. चांगलं लाकूड, फार वेळ पेटतं, असं ती सगळ्यांना सांगायची. त्या गाळ्यात आता पार्सलचं गोदाम आहे. पाठीवर मोठाल्या पिशव्या अडकवलेली माणसं मोटारसायकली काढत होती, आणि एकाच्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या पाकिटावर खाजाला हसीबच्या कंपनीचं नाव दिसलं. म्हणजे शर्ट आता घरपोच जायला लागले, शोरूमचीही पाळी संपत आली. हसीबला हे कळतंय का? कळत असेल. त्याला सगळं कळतं. सांगत नाही.

नूरबी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण विधवा झाल्यापासून थोरलीसारखी बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं. वांग्याचं भरीत घोटत होती, मुसळ थांबवलं नाही.

‘भाई, तुला तोंड दिलंय ना अल्लाने? विचार पोराला. सरळ विचार, काय म्हणालास म्हणून.’

‘विचारलं तर बाबाच म्हणालो म्हणेल.’

‘मग झालं की.’

‘मामा म्हणाला असला तरी बाबाच म्हणालो म्हणेल. मग विचारून उपयोग काय?’

‘आणि खरंच बाबा म्हणाला असला तर?’

‘तरी तेच म्हणेल.’

नूरबीने मुसळ खाली ठेवलं. ‘साच्यांनी तुझे कान नेले, ते मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘कानांच्या मधलंही नेलंय, ते आज कळलं. खोली तयार आहे. यायचं तर ये. पण मामा म्हणाला म्हणून येऊ नकोस. मी रोज तोंड पाहायचं आणि तू रोज तेच उगाळायचं. यायचं तर यायचं म्हणून ये.’

यायचं म्हणून. हे बायकांना जमतं. खाजाने ती खोली पाहिली. झाडलेली होती. पंखा फिरत होता. खिडकी खरंच उघडत नव्हती, बाहेरून गोदामाची भिंत टेकलेली. त्याने तिथे बसून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं. इथे आपल्याला कुणी मामा म्हणणार नाही. इथे आपल्याला कुणी काहीच म्हणणार नाही. परतीच्या गाडीत त्याला आठवलं ते वेगळंच. हसीब चार-पाच वर्षांचा, त्याची आई दुखण्याने झोपलेली, घरात आवाज करायचा नाही, आणि खाजा त्याला साचेखात्याचं बोलणं शिकवत होता. मीठ की पीठ? ओठ तेच, म्हणून हात. मीठ म्हणताना चिमूट, पीठ म्हणताना मूठ दाबायची. बाबा म्हणताना हनुवटीला हात, दाढी धरल्यासारखा. मामा म्हणताना कानाची पाळी धरायची, कारण कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. ही रीत खाजाच्या घरातली नव्हती, पण साचेखात्याची होती, म्हणून त्याचीही झाली. पोरगं आईच्या पायथ्याशी उभं राहून ओठ मोठे करायचं, हनुवटीला हात लावायचं, बाबा, आणि आवाज न काढता हसायचं. मंगळवारी हसीबच्या दोन्ही हातांत खोकी होती. हात मोकळे असते तर त्याने खूण केली असती का? पस्तीस वर्षांच्या मॅनेजरने पुण्याच्या साहेबासमोर हनुवटी धरली असती? पण खोकी खाली ठेवता आली असती. एक क्षण. एका हातावर तोलता आली असती. खाजाने एसटीतल्या समोरच्या दांडीवर मूठ आपटली आणि शेजारचा माणूस म्हणाला, ‘आबा, काही होतंय का?’

शुक्रवार उजाडला. नमाजहून तो सरळ कामावर आला. पाच वाजले, सहा वाजले. हसीबने अजून विचारलं नव्हतं. तो काचेपलीकडे दोन गिऱ्हाइकांना कोट दाखवत होता. खाजा गाड्या सोडून काचेला जाऊन भिडला, जे करायला मनाई आहे. हसीबने वर पाहिलं. खाजाने ओठ मोठे केले, साचेखात्यात करायचे तसे, सावकाश: मंगळवारी. काय. म्हणालास? हसीबच्या कपाळावर आठी आली. खाजाने परत म्हटलं. मंगळवारी. साहेबाला. माझ्याबद्दल. हसीबने मान हलवली, कोट गिऱ्हाइकाच्या हातात दिला, आणि दार ढकलून बाहेर आला.

‘अब्बा, पाणी पाहिजे का? चेहरा असा का झालाय?’

अब्बा. मोठ्याने, मराठी-हिंदी सगळ्यांना कळेल असं. पण दाराशी होतं कोण? कुणीच नव्हतं. एक बाई बाळाची गाडी ढकलत लांब निघाली होती. मोजायचं का हे? खाजाने आजूबाजूला पाहिलं, साक्षीदार शोधावेत तसं. आणि त्याच वेळी त्याला दिसलं की पोरगं आता ओठ वाचत नाही. विसरलं. केव्हा विसरलं कोण जाणे. त्याला आपल्या म्हाताऱ्या बापाचं तोंड काचेपलीकडे नुसतं उघडमीट करताना दिसलं असेल, तहानेल्या माणसासारखं.

‘नको,’ खाजा म्हणाला. ‘पाणी प्यायलो.’

‘मग? आज जुम्मा आहे.’

‘माहितीय. सांगतो. तू जा, गिऱ्हाईक आहे.’

मग आतून कुणीतरी काचेवर टकटक केलं आणि तो गेला.

कठड्यावर कौतिक येऊन बसला होता. त्याने खाजाला हातानेच बोलावलं. खाजा जाऊन शेजारी टेकला. गाड्या येत होत्या, कुणी त्यांना डावीकडे उजवीकडे करत नव्हतं, आणि त्या आपल्याआपण डावीकडे उजवीकडे जात होत्या. हे पाहूनही खाजाला राग आला. मग कौतिक सरकून त्याच्या पुढे आला, तोंडासमोर तोंड, साच्यांच्या रांगेत असायचं तेवढ्याच अंतरावर. आवाज काढला नाही. ओठ मोठे केले. मंगळवारी. तुझा मुलगा. म्हणाला. आणि मग ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले, आणि कौतिकने उजवा हात वर नेला आणि स्वतःची हनुवटी धरली.

खाजा त्या हाताकडे बघत राहिला. कारण साचेखात्यात एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नसे पण ती सगळ्यांना ठाऊक होती. तोंडाने काय वाटेल ते बोला, थापा मारा, शिव्या द्या. हाताची खूण खोटी करायची नाही. हिलाल नावाच्या एका थट्टेखोराने एकदा मगनला खोटी खूण केली होती, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला म्हणून. मगन गडबडला, हात चुकीच्या वेळी आत गेला, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर मिल बंद पडेपर्यंत, चौदा वर्षं, त्या खात्यात कुणीही खोटी खूण केली नाही. हिलालच्या खऱ्या खुणांकडेही कुणी पाहिलं नाही. हाताने सांगितलेलं म्हणजे झालेलं. कौतिक हे जाणत होता. मगनची बोटं त्यानेच रुमालात गुंडाळली होती. आणि तो हनुवटी धरून बसला होता, सोडत नव्हता, पापणी न हलवता, जणू साचा चालू आहे आणि खाजाने उत्तर दिल्याशिवाय हात खाली घेता येत नाही.

खाजाने ओठांनी म्हटलं, बरं.

मग त्याने गळ्यातली पिवळी दोरी काढली, शिट्टीभोवती गुंडाळली, आणि ती सुपरवायझरच्या टेबलावर ठेवून आला. सुपरवायझर म्हणाला, ‘गणवेश धुऊन पाठवा, मामा.’ दुकान बंद व्हायची वाट न बघता तो शोरूमच्या दारातून पहिल्यांदाच आत गेला, थंड हवेत, किरणच्या अंगावरून, गिऱ्हाइकांमधून, सरळ हसीबपाशी, आणि म्हणाला, ‘चल. घरी चल म्हणत होतास ना?’ बाहेर पडताना त्याने कठड्याकडे पाहिलं. कौतिक रिक्षा थांबवायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात करत होता, रिक्षा असो नसो.

कौतिकच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पुढच्या मार्चमध्ये काढले. त्याआधी वर्षभर त्याला हातभर अंतरापलीकडचा कुठलाही चेहरा दिसत नव्हता.